लढाई संपल्यावर येणारी माणसं



आजचा विषय वाचून दोघा-तिघांनी मला दारातच गाठलं. "सर, जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलंत आणि आता कार्टून?" मी म्हटलं, आत येऊन बसा, तासाभरानं ठरवू. हरकत रास्त आहे, पण उत्तर शेवटी देईन.

ज्यांनी पाहिलेलं किंवा वाचलेलं नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपल्याकडची मुलं जिला 'डेमन स्लेयर' म्हणतात, तिचं मूळ जपानी नाव 'किमेत्सु नो याइबा'. कोयोहारू गोतोगे या नावानं लिहिणाऱ्या चित्रकथाकाराची ही मालिका 'शोनेन जम्प' साप्ताहिकात २०१६च्या फेब्रुवारीपासून २०२०च्या मेपर्यंत चालली. एकूण २०५ प्रकरणं, २३ खंड. २०१९पासून तिचं ॲनिमेशन येऊ लागलं, आणि २०२०चा 'मुगेन ट्रेन' हा चित्रपट जपानमधला तोवरचा सर्वाधिक कमाईचा चित्रपट ठरला. काळ तैशो, म्हणजे १९१२ ते १९२६. माणसं खाणारे राक्षस आणि त्यांना मारणारं एक दल. या दलाला सरकारची मान्यता नाही. तलवार बाळगायला बंदी, त्यामुळे तलवार लपवून फिरायचं. नायक तांजिरो हा कोळसा विकणारा मुलगा. त्याचं कुटुंब राक्षसानं मारलं आणि वाचलेली बहीण नेझुको राक्षसीण झाली.

ही झाली सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट. मला बोलायचं आहे ते या दलातल्या एका तुकडीबद्दल. तिचं नाव 'काकुशी'. राक्षसाचं मुंडकं उडालं, तलवार म्यान झाली, की ही माणसं येतात. जखमींना पट्ट्या बांधतात, पाठीवर घेऊन शुश्रूषागृहात पोचवतात, प्रेतं उचलतात, मागच्या खाणाखुणा पुसतात. अंगात काळे कपडे, तोंडावर फडकं, फक्त डोळे उघडे. कथा स्वतःच सांगते की यातले बहुतेक जण तलवारीचं अंग नसलेले. म्हणजे व्हायचं होतं योद्धा, ते जमलं नाही, म्हणून इकडे आले.

त्यांच्या पाठीवर एकच अक्षर आहे आणि त्याचा अर्थ 'लपलेला'. आता गंमत बघा. जपानीत राक्षसाला 'ओनी' म्हणतात. दहाव्या शतकातल्या 'वाम्यो रुइजुशो' या जुन्या कोशात 'ओनी' या शब्दाची एक व्युत्पत्ती दिली आहे. त्या कोशाप्रमाणे हा शब्द 'लपलेला' या अर्थाच्या अक्षरावरूनच आला, कारण ओनी रूप दाखवत नाहीत. भाषाशास्त्रज्ञ ती व्युत्पत्ती मानोत वा न मानोत, पण अक्षर तेच आहे! राक्षसाला ज्यावरून नाव मिळालं म्हणतात, ते अक्षर राक्षस मारणाऱ्यांच्या मदतनिसांच्या पाठीवर. लेखकाच्या मनात हे होतं की नाही, हा प्रश्न मी विचारत नाही. पण अर्थ निघतो आणि तो महत्त्वाचा आहे. या कथेत लपलेले दोन प्रकारचे आहेत. एक माणसं खाण्यासाठी लपतो, दुसरा माणसं उचलण्यासाठी.

तो काळा पोशाखही जपानी प्रेक्षकाला परका नाही. काबुकीत 'कुरोको' असतात, रंगमंचावर सगळ्यांच्या देखत वस्तू आणून देणारे, उचलून नेणारे. काळं घातलेला माणूस 'दिसत नाही' असा तिथे संकेत आहे. बुन्राकु या बाहुल्यांच्या नाटकात एक बाहुली तिघं चालवतात. पाय आणि डावा हात चालवणारे काळ्या बुरख्यात, मुख्य कलावंत मात्र पुष्कळदा उघड्या चेहऱ्यानं. पण तिथे पाय चालवणारा उद्या मुख्य कलावंत होऊ शकतो. पायांची दहा वर्षं, डाव्या हाताची दहा वर्षं, असं म्हणतात. काकुशीला मात्र असा पुढचा रस्ता नाही. त्याचा बुरखा कायमचा.

आता पहिला मुद्दा. राक्षसांच्या बाजूला काकुशी का नाहीत?

तिकडेही उतरंड आहेच. मुझान सर्वांत वर, त्याच्या हाताखाली बारा निवडक राक्षस, वरचे सहा आणि खालचे सहा, डोळ्यांत दर्जाचा क्रमांक. पण जखमी राक्षसाला उचलणारं कोणी नाही. गरजच नाही! तुटलेला हात पुन्हा उगवतो, मेलं तर शरीराची राख होते. शुश्रूषा नको, दफन नको. शिवाय मुझाननं त्यांचा स्वभावच असा ठेवला आहे की ते एकत्र येऊ नयेत, एकमेकांना खावं. एकजूट झाली तर ते आपल्यावरच उलटतील ही त्याला भीती. खालच्या सहांपैकी एक मारला गेला, तर मुझान उरलेल्यांना बोलावतो आणि एक सोडून सगळ्यांना स्वतःच संपवतो. 'पडलेल्याचं काय करायचं' या प्रश्नाला राक्षसांच्या जगातलं उत्तर हे असं.

'मुगेन ट्रेन'मध्ये आकाझा हा राक्षस रेंगोकूला म्हणतो, तूही राक्षस हो, कधी म्हातारा होणार नाहीस. रेंगोकू नकार देतो. म्हातारं होणं, मरणं, यातच माणसाचं सौंदर्य आहे असं त्याचं म्हणणं. प्रेक्षक तिथे रडतात. मीही डोळे पुसले, खोटं कशाला सांगू? पण मग मी स्वतःला विचारलं, हे वाक्य उच्चारणं एक आणि ते रोज निभावणं दुसरं. माणूस मर्त्य आहे म्हणजे काय? त्याला रक्त येतं, ते पुसावं लागतं. तो दोन महिने बेशुद्ध पडतो, त्याची कूस बदलावी लागते. तो मरतो, मागे देह उरतो, तो कोणीतरी उचलावा लागतो. रेंगोकू जे तत्त्व बोलतो, त्याचा रोजचा व्यवहार काकुशी करतात. म्हणून माझं म्हणणं असं की या कथेत माणूस आणि राक्षस यांच्यातला खरा फरक तलवारीत नाही. तलवार चालवणारे राक्षसही आहेत. फरक काकुशी असण्या-नसण्यात आहे.

आता आपल्यातले काही लगेच म्हणतील, हा तर निष्काम कर्मयोग! नाव नको, फळ नको, काम करत राहायचं. इथे मला जरा थांबवायचं आहे तुम्हाला. गीतेतला उपदेश कोणाला आहे? अर्जुनाला. ज्याचं नाव सगळ्या जगाला माहीत आहे, त्याला 'फळाची आशा धरू नकोस' म्हणणं ही त्याच्या अहंकाराची परीक्षा आहे. ज्याला मुळात नावच नाही, त्याला तेच सांगणं ही मालकाची सोय आहे. उपदेशाचे शब्द तेच, पण ऐकणारा बदलला की अर्थ बदलतो.

हाना आरेंट यांनी १९५८च्या 'द ह्यूमन कंडिशन' या ग्रंथात श्रम, निर्मिती आणि कृती असा भेद केला. श्रम म्हणजे जगणं चालू ठेवणारं काम. ते मागे काही ठेवत नाही, आज केलं तरी उद्या पुन्हा करावं लागतं. कृती मात्र 'हा कोण' ते उघड करते, तिची गोष्ट होते. या भाषेत तलवारबाजांकडे कृती आहे आणि काकुशींकडे श्रम. गोष्ट तलवारबाजांचीच होणार. म्हणून समीक्षकानं विचारायचं ते हे, की ज्यांची गोष्ट होऊ शकत नाही, त्यांना ही कथा मान देते का, आणि कसा देते? मी तीन प्रसंग घेतो.

पहिला आओई कानझाकीचा. ही काकुशी नव्हे, पण त्याच बाजूची. दलाची निवड-परीक्षा पार केलेली, मग भीतीनं लढायला न गेलेली, आणि शुश्रूषागृहात राबणारी. ती तांजिरोला सांगते की मी भित्री, मी निरुपयोगी. तांजिरो म्हणतो, तू मला मदत केलीस, आता तू माझाच एक भाग आहेस, तुझं मन मी रणांगणावर घेऊन जाईन. मुलगा मनानं फार चांगला आहे, वाद नाही. पण माप बघा. आओईच्या कामाची किंमत कुठे ठरली? रणांगणावर. तिनं घातलेली पट्टी मोलाची का, तर ती घेऊन कोणीतरी लढेल म्हणून.

दुसरा प्रसंग शेवटच्या पहाटेचा. सूर्य उगवतो आहे, मुझान सावलीकडे पळू बघतो, तलवारबाज थकून पडलेत. आणि काकुशी पुढे येतात! मोटारी ढकलून त्याच्या अंगावर घालतात, इमारतींतून जड कपाटं खाली टाकतात, जिवावर उदार होऊन त्याला अडवतात. बहुतेक चाहत्यांना हा काकुशींचा सर्वोच्च क्षण वाटतो. मला तो सर्वांत कमकुवत मान वाटतो. का? कारण इथे ते वाखाणले जातात ते लढतात म्हणून. इतके दिवस जे काम ते करत होते, त्याला या पानांवर काही वजन मिळत नाही. शिपाई एक दिवस साहेबासारखा वागला म्हणून त्याचा सत्कार करावा, तसं हे झालं. सत्कार झाला तो साहेबीचाच.

याच प्रसंगानंतर लगेच मात्र एक छोटी जागा आहे. ग्योमेई हा सर्वांत बलवान योद्धा मरणाच्या दारात आहे. काकुशी त्याच्यावर उपचार करू बघतात. तो म्हणतो, मी वाचणार नाही, हे औषध माझ्यावर वाया घालवू नका, मुलांकडे जा. लढाई संपली आहे, आता निर्णय औषधाचा आहे, आणि सर्वांत मोठा योद्धा बोलतो आहे तो काकुशींच्या कामाच्या भाषेत. मोटारी फेकण्यापेक्षा मला ही जागा मोठी वाटते.

तिसरा प्रसंग माझा सर्वांत आवडता. तांजिरोला तलवारी घडवणाऱ्यांच्या गावी जायचं आहे. गाव गुप्त. एक काकुशी बाई त्याला पाठीवर घेते. त्याच्या डोळ्यांवर पट्टी, त्याचं नाक फार तीक्ष्ण, म्हणून नाकात बोळे, कानांतही बोळे. आणि ती सांगते की गाव कुठे आहे हे मलाही माहीत नाही. मी पुढच्या काकुशीपर्यंत नेणार, तो त्याच्या पुढच्यापर्यंत. वाट दाखवणारे कावळेही बदलतात. प्रत्येकाला आपला तेवढा टप्पा ठाऊक. तांजिरो पाठ बदलेल तसा प्रत्येकाला नमस्कार करतो, आभार मानतो.

इथे कोणी लढत नाही. तरी सगळं दल या टप्प्यांवर उभं आहे, कारण एकानं दगा दिला तर गाव जाईल. काकुशीचं कौशल्य इथे दिसतं. अनोळखी माणसाचं ओझं घ्यायचं, पूर्ण वाट ठाऊक नसताना आपला टप्पा नीट चालायचा, आणि पुढच्यावर भरवसा ठेवून ओझं सोपवायचं. हे तलवारीचं अंग नसलेल्याचं उरलंसुरलं काम नव्हे. हा वेगळा गुण आहे. तांजिरोचे आभारही इथे बरोबर जागी लागतात. तो 'तुमच्यामुळे मी लढेन' म्हणत नाही. 'तुम्ही मला उचललंत' म्हणून आभार मानतो. बस्.

अर्थात, 'प्रत्येकाला तेवढाच तुकडा ठाऊक' ही व्यवस्था माणसाला अंधारात ठेवायलाही वापरता येते, हे मी विसरलेलो नाही. पण इथे खुद्द तांजिरोच्याही डोळ्यांवर पट्टी आहे, आणि काकुशी त्याला कारण समजावून सांगते. न सांगता अंधारात ठेवणं आणि कारण सांगून गुपित राखणं, यात अंतर आहे.

आणि गोतो. काकुशींमध्ये नाव मिळालेले जेमतेम एक-दोघे, त्यातला हा. तोंडानं फटकळ, वरिष्ठ योद्ध्यांना टरकून असणारा. योशिवारातल्या लढाईनंतर तांजिरो दोन महिने बेशुद्ध आहे आणि हा त्याच्यासाठी कास्तेरा घेऊन येतो. कास्तेरा म्हणजे पोर्तुगीजांबरोबर जपानात गेलेला केक. आणि म्हणतो, की खराब होण्यासारखा वाटला तर खाऊन टाका. मग तांजिरो शुद्धीवर आल्याचं बघतो आणि कानाओवर डाफरतो, अगं, हा जागा झाला तर सगळ्यांना हाक नको का मारायला? कानाओ नावाजलेली तलवारबाज, पण त्या खोलीत अधिकार गोतोचा आहे. काळजी वाहणाऱ्याचा अधिकार!

आता दोष सांगतो. दलाचा प्रमुख उबुयाशिकी. मेलेल्या प्रत्येक योद्ध्याचं नाव त्याला पाठ आहे, चालता येत होतं तोवर तो रोज थडग्यांवर जात असे. फार सुंदर कल्पना आहे. पण काकुशींच्या नावांबद्दल असा एकही प्रसंग लेखकाला सुचला नाही. शेवटी दल विसर्जित होतं, ती घोषणा नवा प्रमुख करतो दोन उरलेल्या श्रेष्ठ योद्ध्यांसमोर. त्या खोलीत काकुशी नाहीत. ज्यांनी प्रत्येक लढाईनंतर आवराआवर केली, त्यांना शेवटच्या आवराआवरीला बोलावलं नाही. मेलेल्याचं नाव घेणं हीच जर या कथेची सर्वांत मोठी नीती, तर ती इथे अपुरी पडते. कथा काकुशींना माया देते, पण नोंद देत नाही.

तर सुरुवातीचा प्रश्न, तत्त्वज्ञानाच्या माणसाला याचं काय? चांगलं काम म्हणजे काय, हे मी चाळीसएक वर्षं वर्गात विचारत आलो. माझी उदाहरणं नेहमी सॉक्रेटिस, अर्जुन, बुडत्याला वाचवणारा वीर अशी. बुडत्याला वर काढल्यावर त्याला कोरडे कपडे कोणी दिले, हे मी एकदाही विचारलं नाही. एका पोरांच्या मालिकेनं ते विचारायला लावलं, अर्धवट का होईना.

आज घरी जाऊन नातवंडांना विचारा, गोतो कोण? त्यांना माहीत असेल. मग दुसरा प्रश्न विचारा, त्या गावच्या वाटेवर तांजिरोला पाठीवर घेणाऱ्या बाईचं नाव काय? तिथे ती गप्प होतील. त्या गप्प बसण्यापासून पुढचं बोलणं सुरू करा.

मी थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.