चिल्लर ठोके

आमच्या आपट्याचं स्टेशन १९९५ साली 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'च्या शेवटी झळकलं. त्यापलीकडे कलाक्षेत्रात आमच्या गावाचं नाव निघाल्याचं ऐकिवात नाही. अशा गावात रविवारी सकाळी मी जाझ-फंकचं ड्रमवादन लावतो, तेव्हा शेजारचे काका गॅलरीतून विचारतात, "अहो, गाणं सुरू कधी होणार?" प्रश्न रास्त आहे. हे वादन ऐकताना कुणीतरी सभेआधी माइक तपासतंय असं वाटतं. इथे तपासणी हीच सभा असते, एवढं काकांना अजून पटवता आलेलं नाही.

मी बी. कॉम., बँकेत कारकून. संगीतातला अधिकार शून्य शिल्लक. पण खतावणी वाचायची सवय, म्हणून या ठेक्याचा हिशेब मांडून पाहिला. ४ ठोक्यांचं आवर्तन, प्रत्येक ठोक्याचे ४ तुकडे, म्हणजे झाले १६. पायातला मोठा ड्रम पहिल्यावर धपकन पडतो, स्नेअरचा फटका दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर. सोळात मोजलं तर ५ आणि १३! आता तीनतालाच्या टाळ्या मोजा: १, ५, १३. नवव्या मात्रेला आपली खाली. तिथे यांचाही स्नेअर बहुधा मोठा आवाज काढत नाही. योगायोग असेल, पण ताळेबंद पहिल्या फटक्यात जुळल्यावर कारकुनाला होतो तो आनंद मला झाला. फरक म्हणाल तर आपल्या विलंबित तीनतालात सम येईपर्यंत चहा पिऊन होतो, यांची सम दोन-अडीच सेकंदांत पुन्हा दारात हजर.

'फंकी ड्रमर' हे गाणं १९७० साली जेम्स ब्राउनच्या नावावर निघालं. त्यात क्लाइड स्टबलफील्डच्या एकट्याच्या ड्रमचा तुकडा जेमतेम २० सेकंदांचा. एकही करामत नाही. मोठ्या फटक्यांच्या मधे काठी नुसती टेकल्यासारखे बारीक ठोके. ड्रमवाले त्यांना 'घोस्ट नोट' म्हणतात, मी चिल्लर म्हणतो. नोटांकडे सगळ्यांचं लक्ष, पण गल्ल्यात चिल्लर नसली की दुकान अडतं. हा तुकडा पुढे शेकडो रॅप गाण्यांनी उचलला. गाण्याचा कर्ता म्हणून नाव ब्राउनचं. स्टबलफील्ड २०१७ साली वारला. त्या मानाने त्याच्या खात्यात जवळजवळ काही जमा झालं नाही. चाल म्हणजे मालमत्ता, ठेका म्हणजे मोलमजुरी, असा हा व्यवहार! आपणही फार वेगळे नाही. गायकाचं नाव ठळक टायपात आणि 'तबलासाथ' खाली, मुद्रकाच्या शेजारी.

हर्बी हँकॉकच्या 'हेड हंटर्स'मध्ये (१९७३) हार्वी मेसनने 'कमेलियन' हे १५ मिनिटांवर चालणारं प्रकरण वाजवलं आहे. मधे कीबोर्ड फार भटकतो असं माझं मत. मेसन मात्र काउंटर सोडत नाही.

आपल्याकडचा मोठा माणूस म्हणजे त्रिलोक गुर्टू, शोभा गुर्टूंचे चिरंजीव. ठुमरीच्या घरातला हा मुंबईकर जमिनीवर बैठक मारून ड्रम वाजवतो, झांज पाण्याच्या बादलीत बुडवून तिचा सूर वाकवतो. बादलीचा असा उपयोग आमच्या घरी कुणाला सुचला नाही. १९८८च्या त्यांच्या 'उसफ्रेट'मध्ये 'शोभारॉक' नावाची रचना आहे आणि त्या तबकडीवर खुद्द शोभाताई गायल्या आहेत. गुर्टूंची तयारी थक्क करणारी. तक्रार एकच: तिहाई समोर दिसली की त्यांना राहवत नाही आणि फंकला हवा असतो राहवणारा माणूस. म्हणून आईच्या आवाजामागे वाजवणारे गुर्टू मला जास्त आवडतात. तिथे मुलगा जरा दबून आहे. आईसमोर कोण नसतो?

गेल्या उन्हाळ्यात गावातल्या एका हळदीला बेंजो पार्टी होती. ड्रमवर विशीतला पोरगा. दीड तास एकच ठेका, मधे अगदी हलकी चिल्लर. हळदीने माखलेल्या आत्याबाई थांबायला तयार नाहीत. शेवटी नवरदेवाच्या मामांनी पाकीट काढलं आणि पोराच्या डोक्यावरून हात लांबवून बेंजोवाल्याच्या खिशात घातलं. पोरगा मान खाली घालून स्नेअरचा स्क्रू आवळत होता.