एका बनावट पुस्तकाचे वाचक

आमच्या शाळेतल्या एका ज्येष्ठ सरांनी मला एक उर्दू पुस्तक दिले. म्हणाले, "आपा, एक बार पढ लो, सब समझ में आ जाएगा." ते 'प्रोटोकॉल्स'चे भाषांतर होते. जगावर कब्जा करण्यासाठी यहुदी पुढाऱ्यांनी गुप्तपणे रचलेला कट, असा त्याचा दावा.

पुस्तक म्हणून ते कंटाळवाणे आहे. २४ प्रकरणांत त्याच त्या धमक्या. बोलणारा कोण, याचा पत्ता नाही. १९०३ साली हा मजकूर रशियातील 'झ्नाम्या' या वृत्तपत्रात आला. १९२१ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'चे वार्ताहर फिलिप ग्रेव्हज यांनी उतारे शेजारीशेजारी छापून चोरी पकडली. मूळ पुस्तक मोरिस जोली या फ्रेंच वकिलाचे, १८६४ सालचे. तिसऱ्या नेपोलियनच्या हुकूमशाहीवरचा तो उपहास होता आणि त्यासाठी जोली तुरुंगात गेला. यहुद्यांच्या कटाचा त्यात मागमूसही नाही.

तरी पुस्तक मेले नाही. हिटलरने तर उलटाच तर्क लढवला: वर्तमानपत्रे याला बनावट म्हणतात, म्हणजेच ते खरे! अशा वाचकापुढे पुरावा काय करणार?

आमचे सर अडाणी नाहीत, विज्ञान शिकवतात. २००३ मध्ये संहारक अस्त्रांची थाप मारून इराकवर हल्ला झाला, हे त्यांनी पाहिले आहे. त्यांचा संशय हवेतून आलेला नाही. पण ती थाप उघडी पडली ती तपासातून, नावानिशी. इथे तपासायला काही ठेवलेलेच नाही. आणि असे पुस्तक वाचकाकडून काहीच मागत नाही, हे मला जास्त खुपते. सातवीनंतर मुलगी शाळेतून का काढली, हे विचारायला तिच्या घरी जावे लागते. कट मानला की घरीच बसता येते.

मार्च २०२० नंतर तबलिगी जमातीच्या निमित्ताने आपल्यावरच 'कोरोना जिहाद'चा आळ आला. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरील गुन्हे रद्द केले, तेव्हा सरांच्या डोळ्यांत पाणी आले होते. मी म्हटले, सर, गोष्ट तीच आहे, फक्त खलनायकाच्या जागी आपण आहोत.

"वो बात अलग है," ते म्हणाले.

पुस्तक परत करताना ग्रेव्हज यांनी दाखवलेला एक जोड-उतारा उर्दूत उतरवून आत ठेवला. सर अजून त्यावर बोललेले नाहीत.