छावणीच्या मातीतील अक्षरे

रोमन छावण्यांचे अवशेष म्हटले की डोळ्यांसमोर येतात ते तटबंदीचे दगड, स्नानगृहांचे चौथरे आणि इशाऱ्याच्या मनोऱ्यांचे पाये. हे दगड सैन्याची शिस्त सांगतात. माणसाचे मन सांगत नाहीत. उत्तर इंग्लंडमधील विंडोलांडा या छावणीने ही उणीव काही अंशी भरून काढली. तेथे १९७३ साली रॉबिन बर्ली यांना लाकडाच्या पातळ पापुद्र्यांवर शाईने लिहिलेली पत्रे सापडू लागली. जुनी लाकडी छावणी पाडून तिच्यावर मातीचा थर देत नवी उभारली जाई. खाली हवा न पोहोचल्याने लाकूड टिकले. ॲलन बोमन व डेव्हिड थॉमस यांनी परिश्रमपूर्वक ती अक्षरे लावली.

यांतील सर्वांत गाजलेले पत्र इ. स. १०० च्या सुमाराचे आहे. क्लॉडिया सेव्हेरा ही एका सेनाधिकाऱ्याची पत्नी. विंडोलांडाच्या अधिकाऱ्याची पत्नी सुल्पिसिया लेपिडिना हिला ती ११ सप्टेंबर रोजी आपल्या वाढदिवसाला बोलावते. मजकूर लेखनिकाच्या हातचा. शेवटच्या मायेच्या ओळी मात्र तिच्या स्वतःच्या. संत पौलाच्या पत्रांतही लेखनिकाच्या मजकुराखाली स्वहस्ते लिहिलेला निरोप येतो, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहेच. अक्षराचे वळण बदलते आणि माणूस समोर येतो. त्या ओबडधोबड ओळींत वाङ्मयीन डौल नाही. तरीही, किंबहुना म्हणूनच, आम्ही त्यांना वाङ्मय मानतो.

परंतु एवढ्यावरच थांबणारे रसग्रहण आम्हांस अपुरे वाटते. याच छावणीतील एका टिपणात स्थानिक ब्रिटन लोकांसाठी 'ब्रिटुंकुली', म्हणजे 'क्षुद्र ब्रिटन', असा तुच्छतेचा शब्द आला आहे. दुसऱ्या एका अर्जात छड्यांचा मार खाल्लेला, बहुधा व्यापारी असलेला, एक इसम दाद मागतो. आपण निरपराध आहोत आणि समुद्रापलीकडून आलेले आहोत, असे त्याचे म्हणणे. या दुसऱ्या कारणापाशी वाचकाने क्षणभर थांबावे. परक्या मुलखातून आलेल्याला मारणे गैर, तर मग स्थानिकाला मारणे रीतीचे होते काय? अर्जदार तसे म्हणत नाही. त्याच्या युक्तिवादातून मात्र ते सूचित होते.

ज्यांच्या भूमीवर ही छावणी उभी होती, ते येथे आपल्याला मुख्यतः परक्यांच्या शब्दांतूनच भेटतात. सेव्हेराच्या मायेने आमचे मन हेलावते, ते हेलावावेही. परंतु त्याच मातीतून निघालेला तुच्छतेचा शब्द बाजूला ठेवून ते पत्र वाचू नये, असे आम्हांस वाटते.