पहाऱ्याची दिशा : टोल्किन यांच्या काळ्या दरवाजाविषयी

अद्भुतिकेतील सीमाद्वाराकडे सामान्यतः सत् आणि असत् यांना विभागणारी रेषा म्हणून पाहिले जाते. जे. आर. आर. टोल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४-५५) या कादंबरीतील मॉर्डोरचा काळा दरवाजा हे अशा वाचनाला सोयीचे उदाहरण. संहिता बारकाईने वाचली असता मात्र ही रेषा तितकी सरळ राहत नाही.

दरवाजा सॉरॉनने बांधलेला आहे. पण त्याच्या दोन्ही अंगांचे बुरूज गॉन्डोरच्या माणसांनी उभारलेले आहेत. पराभूत सॉरॉनने पुन्हा आपल्या राज्यात परतू नये, यासाठी तो पहारा होता. पुढे गॉन्डोरचे बळ ओसरले, बुरूज ओस पडले आणि सॉरॉनने ते बळकावले. बांधकाम तेच राहिले. पहाऱ्याचा धनी आणि त्याची दिशा बदलली. किरिथ उंगोलच्या खिंडीतील बुरुजाचा इतिहासही असाच आहे. असत् प्रवृत्तीचे गड सत् प्रवृत्तीच्या शैथिल्यातून सिद्ध होतात, असे ही रचना सुचवते.

या दरवाजाचे कथनातील कार्यही लक्षणीय आहे. फ्रोडो आणि सॅम यांना तो बंद आढळतो व ते गोल्लमच्या मागे आडवाटेने जातात. नंतर अ‍ॅरागॉर्न अवघ्या सात हजारांच्या सैन्यानिशी त्याच दरवाजाकडे निघतो, तो आत शिरण्यासाठी नव्हे, तर सॉरॉनची नजर तेथे खिळवून ठेवण्यासाठी. मिखाईल बाख्तिन यांनी उंबरठ्याचा कालावकाश हा पेचप्रसंगाचा आणि निर्णायक वळणाचा मानला. टोल्किन यांनी हा पेच दोन ठिकाणी विभागला आहे: उंबरठ्यावर उभे राहणारे वेगळे आणि सीमा ओलांडणारे वेगळे. त्यामुळे पहाऱ्याची कडेकोट एकाग्रता हीच त्याची उणीव ठरते.

तथापि, पहारेकऱ्यांबाबत या संहितेची दृष्टी आखूड पडते. किरिथ उंगोलच्या वाटेवर शाग्रात आणि गोरबाग हे दोन ऑर्क युद्ध संपल्यावर बड्या धन्यांपासून दूर निघून जाण्याच्या गोष्टी करतात. त्या स्वप्नात लुटीची हाव असली, तरी सक्तीच्या चाकरीचा कंटाळाही आहे. क्षणभर पहारेकरी हाच कैदी भासतो. पण निवेदन हा धागा सोडून देते. विजयानंतर मॉर्डोरच्या गुलामांना मुक्ती आणि जमीन मिळते. ऑर्कांसाठी तशी कोणतीही तरतूद होत नाही. दरवाजा कोसळतो, पण कोणाला माणसांत घ्यायचे हे ठरवणारी सीमा शाबूत राहते. या कादंबरीच्या नैतिक विश्वाचे मूल्यमापन येथूनच सुरू व्हावयास हवे.