एक सत्र, दोन निवाडे : मानसोपचारातील उपचारक आणि उपचारार्थी

मानसोपचाराविषयीचे मराठी लेखन बहुतांशी उपचारकाच्या बाजूने झालेले आहे. प्रकरण तोच मांडतो आणि गाठ कोणत्या क्षणी सुटली हेही तोच ठरवतो. समोर बसलेल्या व्यक्तीला त्या तासाविषयी काय वाटले, याची नोंद क्वचितच आढळते. या दृष्टीने आयर्विन यालॉम आणि 'जिनी एल्किन' यांचे १९७४ साली प्रसिद्ध झालेले 'एव्हरी डे गेट्स अ लिटल क्लोजर' हे पुस्तक अभ्यसनीय ठरते.

जिनी (हे टोपणनाव) ही लेखन खुंटलेली लेखिका. शुल्काऐवजी तिने प्रत्येक सत्राचा वृत्तान्त लिहावा, यालॉम यांनीही स्वतंत्रपणे लिहावा आणि काही महिन्यांनी दोघांनी परस्परांचे लेखन वाचावे, असे ठरले. हे वृत्तान्त शेजारी ठेवून वाचले असता तास एकच होता, यावर विश्वास बसत नाही. यालॉम यांना ज्या अर्थनिर्वचनांचा अभिमान होता, ती जिनीपर्यंत पोहोचलीच नव्हती. तिच्या लेखी मोल होते ते पोशाखाच्या कौतुकाला, उशीर झाल्याबद्दल मागितलेल्या क्षमेला, तिच्या विनोदावर हसण्याला. यालॉम यांनी हे प्रांजळपणे मान्य केले आहे. तथापि, आपले लिखाण ते वाचणार आहेत हे जिनीला ठाऊक होते, शिवाय शुल्कमाफीचे ओझेही होते. त्यामुळे तिचा निवाडा सर्वस्वी मोकळा मानता येत नाही. या मुद्द्याला पुस्तकात पुरेसा न्याय मिळालेला नाही.

हॉरवथ आणि सायमंड्स यांनी १९९१ मध्ये २४ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. उपचारसंबंधाविषयीचे उपचारार्थीचे मूल्यमापन उपचारकाच्या मूल्यमापनापेक्षा फलिताशी अधिक निगडित असल्याचे त्यात दिसून आले. म्हणून उपचारार्थीचा शब्द अंतिम मानावा काय? १९६४ साली ग्लोरिया नावाच्या स्त्रीने कॅमेऱ्यासमोर कार्ल रॉजर्स, फ्रिट्झ पर्ल्झ आणि अल्बर्ट एलिस (महाराष्ट्राला कि. मो. फडके यांच्यामुळे परिचित झालेले) यांच्याशी एकेक सत्र केले. त्यानंतर लगेच तिने झुकते माप दिले ते पर्ल्झ यांना; पुढे मात्र त्या सत्राविषयी तिचे मत पालटले आणि पत्रव्यवहार टिकला तो रॉजर्स यांच्याशी.

भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या शहरातील महाविद्यालयात हा प्रश्न अधिक बिकट होतो. 'सर, खूप बरं वाटलं' असे म्हणून विद्यार्थी उठतो आणि पुन्हा फिरकत नाही. समुपदेशक 'समाधानकारक' असा शेरा नोंदवतो. हा समुपदेशक पुष्कळदा अंतर्गत गुण देणारा प्राध्यापकच असतो, हे लक्षात घेतले तर त्या 'बरं वाटलं'चे वजन किती धरावे? अभिप्रायपत्रक निनावी असावे, ते त्याच शिक्षकाच्या हाती पडू नये आणि सत्रानंतर लगेच नव्हे, तर काही आठवड्यांनीही भरून घ्यावे; अर्ध्यावर सोडून गेलेल्यांकडून तर अवश्य.