हायकोर्टातील माकड

मुंबईच्या हायकोर्टाची इमारत पाहून ‘वा!’ म्हणणाऱ्यांत मीही आहे. पण हा उद्गार ओव्हल मैदानावरून निघतो. कागदांची पिशवी छातीशी घेऊन आंबिवलीहून लोकलने तारखेला जाणाऱ्या माणसाला तीच वास्तू कशी दिसत असेल, हा प्रश्न तिच्या स्तुतिपर लेखनात सहसा येत नाही.

आराखडा कर्नल फुलर या लष्करी इंजिनिअराचा. काम १८७१ मध्ये सुरू झाले, १८७८ मध्ये पुरे झाले. लांबी ५६२ फूट. साडेसोळा लाखांच्या आतबाहेर मंजूर झालेल्या रकमेतून अडीच हजारांवर रुपये चक्क उरले. हा भाग आजच्या वाचकाला अद्भुतकथेतला वाटल्यास नवल नाही! शैली गॉथिक, म्हणजे मुळात युरोपातल्या चर्चची. माणसाने मान वर करून पाहावे आणि आपले लहानपण ओळखावे, हा तिचा धर्म. देवाच्या घरी हे शोभते. न्याय मागायला आलेल्याची मान आधीच खाली असते. तेथे शोभते का? पश्चिमेकडील अष्टकोनी मनोऱ्यांवर न्याय आणि दया यांचे पुतळे आहेत खरे. पण इतक्या उंचावर, की खालून दया नीट दिसतही नाही.

ह्या जरबेवरचा उतारा इमारतीतच सापडतो. एका खांबावर तराजू धरलेले माकड कोरले आहे. एक डोळा बांधलेला, दुसरा उघडा. शिवाय गळ्यात वकिली पट्टी बांधलेला कोल्हाही आहे. दाव्यात हरलेल्या एका पारशी पोटकंत्राटदाराने असा सूड उगवला, अशी आख्यायिका. कादंबरीकाराला ही गोष्ट जरा जास्तच बेतलेली वाटते. युरोपातील जुन्या चर्चमध्येही धर्मोपदेशकाच्या वेषातले कोल्हे आढळतात. सत्तेच्या घरात बसून सत्तेची टर उडवणे ही त्या शैलीची जुनी खोड. पण लोकांनी आख्यायिका का जपली, ते उघड आहे. हरलेल्या पक्षकाराला तेवढेच समाधान!

माकडाहून बोचरी गोष्ट मात्र वेगळी आहे. २२ जुलै १९०८ रोजी येथील मधल्या दालनात ‘केसरी’तील लेखांवरून टिळकांना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली. ज्यूरीचे मत सातास दोन. मग मंडाले. १९५६ साली त्याच दालनाबाहेर टिळकांचे त्या वेळचे उद्गार कोरलेली शिळा मुख्य न्यायमूर्ती छगला यांच्या हस्ते उघडण्यात आली. ज्या घराने शिक्षा दिली, त्याच्याच भिंतीने आरोपीचे म्हणणे कायमचे मांडून ठेवावे! फुलरच्या साऱ्या कमानींहून मला ही शिळा उंच वाटते.

२०१८ मध्ये शेजारच्या इमारतींसह ही वास्तू जागतिक वारसा ठरली. वांद्र्याच्या नव्या संकुलाची कोनशिला २०२५ मध्ये बसली. जुन्या जागेची अडचण पाहता ते हवेच. जिन्यात ताटकळणाऱ्या म्हाताऱ्याला टोकदार कमानींचे काय कौतुक? नव्या आराखड्यात पक्षकारांसाठी बाके किती, ते मी आधी पाहीन. माकडाची चौकशी त्यानंतर.