व्यथा, चेहरा आणि छायाचित्र

चेहरा हा मनाचा आरसा असतो, हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलेले असते की ते तपासून पाहण्याची गरजच आपल्याला वाटत नाही. छायाचित्रकाराला मात्र ते तपासावेच लागते. कारण त्याच्या हाती चेहऱ्यावाचून फारसे काही नसते. कादंबरीकार पात्राच्या मनात शिरू शकतो, नट स्वगत म्हणू शकतो. कॅमेरा त्वचेपाशी थांबतो. अशा साधनाने मनोव्यथा व्यक्त करता येते काय, आणि येत असल्यास कोणत्या अटींवर, हा प्रश्न आज मुद्दाम विचारावासा वाटतो. कारण अलीकडे अशा व्यक्तिचित्रांचे पीक उदंड आले आहे, आणि त्यात भरलेला दाणा थोडा आहे.

या चित्रांची एक ठरीव वर्णमालाच तयार झाली आहे. काळोखात बुडालेला अर्धा चेहरा, तडकलेला आरसा, ओंजळीत झाकलेले तोंड, एकावर एक छापलेल्या दोन मुद्रा. ज्याने हे प्रथम केले त्याच्या अनुभवाच्या सच्चेपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण आता चित्र दिसताच 'हे नैराश्य' असे ओळखू येते, आणि ओळखू येताच आपले पाहणे संपते. प्रतिमेची पाटी झाली की ती दिशा दाखवते, अनुभव देत नाही. शिवाय या वर्णमालेत एक असत्यही दडलेले आहे. खचलेला माणूस नेहमी काळोखातच बसतो असे कोठे आहे? पुष्कळदा तो लग्नाच्या मांडवात, डोक्याला फेटा बांधून, सर्वांबरोबर हसत उभा असतो आणि फोटोही चांगला येतो.

छत्रपती संभाजीनगरच्या रसिकाला या प्रश्नाचे एक जुने उत्तर फार लांब जाऊन शोधावे लागत नाही. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात पाचव्या शतकातले ते प्रसिद्ध चित्र आहे, ज्याला 'मरणासन्न राजकन्या' म्हणतात. अभ्यासकांच्या मते ती नंदाची पत्नी सुंदरी. पती भिक्षू झाल्याची वार्ता तिला कळली आहे. चित्रकाराने तिचा चेहरा विद्रूप केलेला नाही, तिच्याभोवती काळोखही पसरलेला नाही. मान कलली आहे, पापण्या जड झाल्या आहेत, बोटांतले त्राण गेले आहे. एक स्त्री तिला मागून सावरते आहे, दुसरी तिचा हात हाती घेऊन चिंतेने पाहते आहे, तिसरी वारा घालते आहे. व्यथा एकीची आहे, पण ती आपल्याला कळते ती या सर्वांच्या पाहण्यातून. दुःखी माणसाला चौकटीत एकटे कोंडले म्हणजे दुःख गहिरे होते, हा आजचा समज त्या अनाम चित्रकाराला मान्य झाला नसता.

या लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करण्यासाठी 1844 साली मेजर रॉबर्ट गिल येथे आला. वर्षानुवर्षे खपून केलेल्या त्याच्या बहुतेक नकला 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. दरम्यान त्याने कॅमेराही हाती घेतला होता, आणि त्याच्या छायाचित्रांचे पुस्तक 1864 साली प्रसिद्ध झाले होते. गिल येथे लेणी टिपत होता त्याच काळात विलायतेत कॅमेरा एका वेगळ्याच गुहेत शिरला. सरे परगण्यातील वेड्यांच्या इस्पितळाचा डॉक्टर ह्यू डायमंड तेथील स्त्रियांची छायाचित्रे काढत होता. 1856 साली रॉयल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात त्याने त्यांचे उपयोग सांगितले. त्यांपैकी एक आजही विचार करण्याजोगा आहे: रोग्याला त्याचे स्वतःचे चित्र दाखवले, तर त्याचा मनावर उपकारक परिणाम होतो. एरवी ते चित्र डॉक्टरचे होते. या एका क्षणी ते रोग्याच्या हाती येत होते.

पुढे ते त्या हाती राहिले नाही. पॅरिसच्या साल्पेत्रिएर इस्पितळात शार्को याच्या देखरेखीखाली 1876 ते 1880 या काळात उन्मादग्रस्त स्त्रियांच्या छायाचित्रांचे खंड निघाले. त्यांतील ऑगस्टीन नावाच्या मुलीच्या मुद्रा जगप्रसिद्ध झाल्या. तिने मात्र 1880 साली पुरुषवेष करून त्या इस्पितळातून पळ काढला. त्या छायाचित्रांवर याहून बोलकी टीका कोणी लिहिली असेल असे मला वाटत नाही.

तेव्हा या कलेतला मूळ प्रश्न छायाप्रकाशाचा नसून मालकीचा आहे. चित्र कोणाचे? काढणाऱ्याचे, की ज्याचे काढले त्याचे? इंग्रज छायाचित्रकार जो स्पेन्स हिने रोझी मार्टिनबरोबर 1984 पासून जी 'छायाचित्र-चिकित्सा' केली, तिचे महत्त्व यात आहे. जिचे चित्र निघायचे तीच प्रसंग ठरवी, तीच वेष निवडी, कॅमेरा कधी उघडायचा हेही तीच सांगे; मग दोघी जागा बदलत. आपल्याकडे सोहराब हुरा याची 'लाइफ इज एल्सव्हेअर' (2015) आणि 'लुक, इट्स गेटिंग सनी आउटसाइड' (2018) ही पुस्तके या दृष्टीने पाहावीत. त्याच्या आईला स्किझोफ्रेनिया जडला तेव्हा तो शाळकरी वयाचा होता. पहिल्या पुस्तकातील कृष्णधवल चित्रांत घराची दैना आहे, राग आहे. पण आईची लाडकी कुत्रीही आहे. दुसऱ्यात रंग येतात, ऊन येते, आई हसते. मुलगा आजाराचे चित्र काढायला बसलेला नाही; तो आईचे चित्र काढतो आहे आणि तिला आजार आहे. या दोन गोष्टींतले अंतर ज्याला कळले त्याला ही कला कळली.

मराठीत चेहऱ्यांचा मोठा छायाचित्रकार म्हणजे गौतम राजाध्यक्ष (1950–2011). त्यांच्या मृदू प्रकाशात माणूस स्वतःला ज्या रूपात पाहू इच्छितो त्या रूपात दिसतो, आणि हेही एक औदार्यच आहे. पण आपल्या मुलखातले मनोव्यथेचे सर्वांत सामान्य छायाचित्र कोणत्याही कलादालनात नाही. ते वर्तमानपत्रात छापून येते. कुडाच्या भिंतीशी बसलेली विधवा आणि तिच्या हातात नवऱ्याची तसबीर. एकट्या 2023 साली मराठवाड्यात 1,088 शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची नोंद झाली. तिच्या हातातली ती तसबीर नीट पाहावी. पासबुकासाठी नाहीतर कर्जाच्या अर्जासाठी काढलेला पासपोर्ट फोटो बहुधा मोठा करून घेतलेला असतो. मान ताठ, नजर समोर, मागे निळा पडदा. त्या चेहऱ्यावर कसलेही चिन्ह नसते. घरच्यांना विचारले तर म्हणतात, 'टेन्शनमध्ये होते.' आपल्या बोलीने एवढ्या मोठ्या व्यथेसाठी एवढाच एक उसना शब्द घेतला आहे. आरशाच्या म्हणीचा पराभव याहून स्पष्ट कोठे दिसणार?

बातमीदाराचे ते चित्र खोटे नाही. पण त्यात बाईला फक्त तसबीर धरण्याचे काम दिलेले असते. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार घेणाऱ्याच्या संमतीवाचून त्याचे छायाचित्र प्रसारमाध्यमांना देण्यास मनाई केली, हे योग्यच झाले. पण संमती ही केवळ सही नव्हे. कोणत्या जागी बसायचे, काय हाती धरायचे, कोणते चित्र ठेवायचे आणि कोणते फाडायचे, हे ठरवण्याचा अधिकार म्हणजे संमती.

म्हणून अशा व्यक्तिचित्राची एकच साधी परीक्षा करावी. चित्रातील माणसाचा आजार क्षणभर विसरून पाहावे: मागे कोणी उरते काय? काळोख आणि तडकलेली काच काढून घेतल्यावर काहीच उरत नसेल, तर चित्र पोकळ आहे. आणि एखादी विशिष्ट बाई, तिची बसण्याची ढब, तिच्या हातावर ठेवलेला कोणाचा तरी हात एवढे जरी उरले, तरी सोळाव्या लेण्यातील त्या चित्रकाराची वाट अजून बुजलेली नाही असे खुशाल समजावे.